पुढे पळवायचं बटण

छंद म्हणून सुरू केलेला गेम पहिल्या महिन्यात सोडून देणं अजिबात अवघड नसतं. चार चित्रं, उड्या मारणारा एक बाहुला, आणि फोल्डर बंद. असे फोल्डर गेम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पडलेले असतात, त्यांचं कुणाला सोयरसुतक नसतं. छळतो तो बराचसा झालेला गेम. चालतो, दिसायला बरा आहे, नातेवाइकांना सांगून झालंय, आणि खेळायला बसलं की करणाऱ्यालाच जांभया येतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझ्या अशा गेमचं नाव ‘खाजन’. मी गोव्यात माशेलला राहतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचे हिशेब बघतो आणि रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडतो. गेम बनवण्याचं शिक्षण कुठे घेतलेलं नाही. गोडो नावाचं फुकट, मुक्त स्रोत इंजिन मिळालं, त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा एक्सेलची सूत्रं लिहिणाऱ्याला फारशी परकी वाटली नाही, तेवढ्या भांडवलावर सगळं उभं राहिलं. काही पावसाळे त्यात गेले.

गोव्याबाहेरच्या वाचकांना खाजन काय ते सांगायला हवं. खाडीकाठची, भरतीच्या पातळीच्याही खाली असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्याकडून सोडवून घेतलेली जमीन म्हणजे खाजन. मांडवी, झुवारी, त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा, सगळीकडे काठाने ही शेतं आहेत. गोव्यात मिळून सुमारे 18 हजार हेक्टर. बांधात ठरावीक जागी एक दार असतं, त्याला मानस म्हणतात. जांभ्या दगडाचं बांधकाम आणि त्यात लाकडी झडपा. पावसाळ्यात आतलं पाणी ओहोटीला बाहेर जायला हवं, भरतीचं खारं पाणी आत यायला नको, तरच भात पिकतं. कोरगुटासारखं जुनं भात थोडं खारं सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. भात कापून झालं की उलट, पाणी आत घ्यायचं. त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात, शेवटे, काळुंद्र येतात, नशीब असेल तर चोणक. मग ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं. मासे धरायच्या या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, पैसे मोजून एकजण तो घेतो.

एकाच जमिनीवर भात आणि मासे, आणि मध्ये एक दार. माझ्या मते यात गेम ओरडून ओरडून सांगत होता की मला करा. खेळणारा म्हणजे बांधाचा राखणदार. भरती-ओहोटी बघायची, मानस उघडायची, लावायची, बांधाला कुर्ल्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, पीक वाचवायचं. इतकंच.

आणि पाणी मला जमलं. हे मी आजही छाती काढून सांगतो. जमिनीचे चौकोन, प्रत्येक चौकोनात पाण्याची उंची, उंचीत फरक असला की पाणी शेजारी सरकतं. ऐकायला सोपं, पण सुरुवातीला माझं शेत बुद्धिबळाच्या पटासारखं लुकलुकायचं. एक चौकोन भरलेला, शेजारचा कोरडा, पुढच्या क्षणी उलट. कारण असं की एक चौकोन चारही शेजाऱ्यांना एकदमच पाणी देतो आणि हिशेब न ठेवता दिलं तर जवळ आहे त्याहून जास्त देऊन बसतो. हिशेबनिसाच्या लक्षात यायला हवी अशीच गोष्ट. एका वेळी फरकाच्या चौथ्या हिश्शाहून कमीच पुढे सोडायचं ठरवलं आणि पाणी शांत झालं. मग त्या पाण्यात खारटपणा मिसळला, तोही पाण्याबरोबर वाहू लागला. उधाणाच्या रात्री बांधाच्या एका भोकातून खारं पाणी जिभेसारखं शेतात शिरताना पडद्यावर पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवलं होतं. तिने बघितलं, “पाणी आहे,” म्हणाली आणि परत जाऊन झोपली.

भरतीची वेळही मी पंचांगावर चालवली. किनाऱ्यावरचे मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, पाऊण तासाचा हिशेब त्याच्या जवळ जातो, रोजच्या व्यवहाराला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत मंद भरती. मांडवीत भरतीचा जोर मुखापासून जवळजवळ 50 किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत जाणवतो, म्हणून आतल्या गावांच्या पातळ्यांना भरती थोडी उशिरा आणि दमलेली येईल अशी सोय केली. कुणी मागितली नव्हती. मला हवी होती.

मग देवनागरीचं प्रकरण. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत आपल्या लिप्यांची जुळणी नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. ‘स्थिती’ हा शब्द बघवत नसे. काही दिवस मी वाक्यंच्या वाक्यं चित्रं म्हणून चिकटवली. 1 मार्च 2023 ला चौथी आवृत्ती आली, तीत ही जुळणी होती, मग सगळा गेम तिकडे हलवायचा घाट घातला. जुन्या कोडमधले ‘यील्ड’ काढून ‘अवेट’ घाला, फरशांचे नकाशे नव्याने बसवा, असलं काम. एक अख्खा पावसाळा त्यात गेला आणि तो माझा सर्वांत सुखाचा पावसाळा होता. रोज यादीतल्या दोन-तीन ओळींवर काट मारायची आणि झोपायचं. गेम पुढे सरकतोय असं वाटायचं. प्रत्यक्षात तो होता तिथेच होता, फक्त नव्या घरात.

चाचणीला पहिला बसला तो भाचा. आषाढी द्वादशी होती, देवकीकृष्णाच्या मैदानावरच्या चिखलकाल्यात लोळून आला होता. आंघोळ झाली तरी कानामागे चिखल होताच. ओट्यावर बसून त्याने फोन घेतला. दार उघडलं, पाणी बाहेर जाताना बघितलं, “मस्त,” म्हणाला. भरती यायला लागली तशी दार लावलं. मग त्याचा अंगठा पडद्यावर इकडे तिकडे फिरू लागला. काही दाबण्यासारखं नव्हतं. “मामा, आतां कितें करूं?” मी म्हटलं, ओहोटीची वाट बघ. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातलं वेळ पुढे पळवायचं बटण त्याला सापडलं. ते त्याने दाबून धरलं ते सोडलंच नाही. भरती, ओहोटी, भरती, ओहोटी. मध्ये दाराला एक टिचकी. अंगठा त्या बटणावर आणि डोळे रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांवर.

मुलगा लहान आहे, चिखलातून आलेल्याला बांधाची काय मातब्बरी, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पण मनात किडा वळवळत राहिला. गेममध्ये प्रत्येक बटण दाबल्याची एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाईल एवढा कोड टाकला आणि ऑफिसातल्या दोन-तीन जणांना, चुलत बहिणीला, पुण्यात नोकरी करणाऱ्या कॉलेजातल्या मित्राला गेम पाठवला. सगळ्यांनी कळवलं, छान आहे, चित्रं सुंदर आहेत, आपल्या मातीतला विषय आहे. फायली मागवून उघडल्या. प्रत्येकाचं सर्वांत जास्त दाबलेलं बटण एकच होतं.

ज्या गेममध्ये लोकांना सर्वांत आवडतं ते गेम लवकर संपवणारं बटण, त्याला काय म्हणायचं?

मी ते बटण काढून टाकून पाहिलं. लोक फोन खाली ठेवू लागले. मग उलट केलं, एक भरती काही सेकंदांत आटोपेल इतका वेळ आवळला. आता कंटाळा नव्हता, पण राहिला तो टिचक्यांचा खेळ: पाणी चढलं, लाव; उतरलं, उघड. दर वेळी उत्तर तेच. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक आहे तो कितीही भरभर विचारला तरी खेळ होत नाही, हे मला तिथे कळलं. ठरवायला काहीच नव्हतं.

यानंतर माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे भर घातली. वादळ. कुर्ल्यांच्या तीन जाती. बाजारभाव. खाणी जोरात होत्या तेव्हा पावसाळ्यात खनिजाची बार्जं कुंभारजुवे कालव्यातून मुरगावला जायची, त्यांच्या लाटांनी बांध झिजायचे. तेही घालायचं ठरवलं, सप्टेंबर 2012 च्या खाणबंदीची एक वेगळी पातळी कागदावर आखूनही झाली. घुमट, म्हणजे मडक्यावर कातडं ताणलेलं आमचं तालवाद्य, तर आधीच होतं. माझा एक मित्र सुवारीच्या, म्हणजे घुमटाच्या समूहवादनाच्या, पथकात घुमट वाजवतो, चवथीच्या आरतीला आमच्याकडे येतो. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं तेव्हापासून जरा भाव खातो. त्याच्याकडून मी ठेके ध्वनिमुद्रित करून घेतले होते, भरती चढेल तसा ठेका चढत जाई. गेममधली लोकांनी न सांगता वाखाणलेली ती एकच गोष्ट. भरतीपेक्षा घुमटच ऐकावंसं वाटतं, असं बहीण म्हणाली, आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं.

भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. दर रविवारी एक नवी गोष्ट, आणि दर सोमवारी गेम होता तसाच.

पुरा करायचा की सोडायचा हा प्रश्न मी पहिल्यांदा सरळ विचारला तो चवथीनंतर. घरात पाहुणे, माटोळी, नेवऱ्या, आरत्या. लॅपटॉप उघडायला सवड नव्हती. ते दिवस संपले आणि ध्यानात आलं की मला आठवण येत होती ती पाण्याची. त्या जिभेसारख्या शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याची. पातळ्या, गुण, पीक, यातल्या कशाचीही नव्हती. हे जरा चमत्कारिक होतं, म्हणून एका शनिवारी वही घेऊन बसलो आणि उरलेलं सगळं काम लिहून काढलं.

लिहिता लिहिता त्याचे दोन ढीग झाले. एका ढिगात गेम ‘पुरा’ होण्यासाठी लागणारी कामं. सुरुवातीचं पान, खेळ जपून ठेवायची सोय, लहानमोठ्या फोनांवर अक्षरं नीट बसवणं, इंग्रजी आवृत्ती, प्ले स्टोअरचं खातं. तिथे 25 डॉलर एकदाच भरायचे ते काही नाही, पण नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी ही अट 20 जणांची होती, डिसेंबर 2024 मध्ये 12 वर आली. माझ्याकडचे बारा कोण, ते मोजताना शेजारच्या औषधाच्या दुकानदारापर्यंत पोहोचलो. शिवाय एकदा टाकून सुटका नाही. दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या पातळीशी जुळवत राहायचं. दुसऱ्या ढिगात गेम ‘चांगला’ होण्यासाठी लागणारी कामं. त्या ढिगात एकच ओळ होती: खेळणाऱ्याने करायचं काय?

पहिल्या ढिगातलं एकही काम त्या ओळीला शिवत नव्हतं. सगळं मनोभावे केलं तरी हातात येणार तो नीट बांधलेला, इंग्रजीतही उपलब्ध असलेला कंटाळा. सुरू केलेलं तडीस न्यावं अशी सुभाषितं शाळेत सगळ्यांनी पाठ केली, माझ्याही डोक्यात ती होतीच. पण तडीस नेणं म्हणजे इथे पहिला ढीग उपसणं, एवढाच अर्थ निघत होता. राहता राहिला घातलेल्या वर्षांचा सवाल, आणि तिथे माझा पेशा आड आला. ऑफिसात मार्चअखेर कुणाकडून पैसे येणार नाहीत हे ठरवून ती येणी बुडीत खात्यात टाकणारा मीच असतो. साहेबांनी कितीही म्हटलं की एवढी वर्षं यादीत आहे, राहू दे, तरी यादीत राहिल्याने पैसे येत नाहीत. दुसऱ्याच्या बाबतीत हे मी एका सहीत करतो.

पुण्याच्या मित्राला फोन केला. तो सोडू नको म्हणाला. त्याने विल राइट या अमेरिकन गेमकाराचं उदाहरण दिलं. 1984 साली आलेल्या एका हेलिकॉप्टरच्या गेमसाठी तो बेटांचे नकाशे बनवत होता, आणि बॉम्ब टाकण्यापेक्षा ते नकाशे मांडण्यातच त्याला जास्त मजा येऊ लागली. त्यातून शहर वसवायचा गेम निघाला. जिंकणं-हरणं नाही म्हणून प्रकाशक घ्यायला तयार नव्हते, शेवटी 1989 साली सिमसिटी बाजारात आला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. “तुझंही तसंच आहे. गेम काढून टाक, पाणी ठेव. खेळणं म्हणून दे लोकांना.” मला दोन दिवस हे फार पटलं. गुण काढले, पातळ्या काढल्या, नुसतं खाजन ठेवलं. बांध काढा, बांध मोडा, दार कुठेही बसवा. स्वतः तासभर खेळलो. भाच्याला दिलं. त्याने सगळे बांध मोडले, सगळं शेत खाऱ्या पाण्याखाली घातलं, पाच मिनिटं खूश होता, मग फोन परत दिला. शहरात एक रस्ता केला की दुसऱ्याची गरज पडते. माझ्या खाजनात एकदा बांध नीट घातला की झालं. पाणी आपलं येतं जातं.

का, ते मला खाजनातच कळलं. आमच्या शेजारच्या काकांनी तरुणपणी मानशीवर मासे धरलेत. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर बांधावरून चाललो होतो, ओहोटी लागलेली. एका मानशीशी ते उकिडवे बसले, खालच्या कडेला कालवं चिकटली होती, तिथे त्यांनी बोट फिरवलं आणि मग तळव्याने झडप हलकेच दाबली. आतल्या पाण्याने ती आधीच अर्धी उघडली होती. मी त्यांना गेमचं सांगितलं, की यात एकजण दिवसरात्र दार उघडतो आणि लावतो. ते हसले. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपलं आपण लागतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, सगळी करामत तीच. “थंय मनीस कित्याक?” तिथे माणूस कशाला?

दार असं चालतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गेम म्हटला की खेळणाऱ्याच्या बोटाला काहीतरी काम हवं, म्हणून मी त्याला झडपेवर बसवलं होतं. पण काकांच्या तोंडून ऐकताना त्याचा उलटा अर्थ लागला. ज्यांनी मानस बसवली त्यांचा सगळा खटाटोपच माणसाला तिथे उभं राहावं लागू नये यासाठी होता. रात्री दोनला भरती येवो की पहाटे चारला, कुणी जागायचं नाही. मी जे इतक्या निगुतीने जसंच्या तसं उतरवत बसलो होतो, त्यातून खेळ आधीच काढून टाकलेला होता, आणि तोही मुद्दाम, फार हुशार लोकांनी.

मग माणसाला काम कुठे होतं? काकांना विचारलं. त्यांनी मासे धरायच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि त्यातली प्रत्येक गोष्ट भांडणाची निघाली. पावणीत पैसे ओतलेला माणूस दाराला दोरी बांधून ते भात उभं असतानाही जास्त वेळ उघडं ठेवायचा, कारण जितकं खारं पाणी आत तितकं जाळ्यात. शेतकरी रात्री येऊन दोरी कापायचे. बांधाला भोक पडलं की बुजवायला कोण जाणार यावर आठवडा जायचा, कारण भोक माझ्या शेताच्या समोर नाही. पाण्याबद्दल काका एक वाक्य बोलले नाहीत. मला मात्र हे सगळं गेममध्ये नको वाटलं होतं. चित्र सुंदर होतं, त्यात दोरी कापणारी माणसं कशाला, असं काहीसं.

त्या संध्याकाळी कोडला हात लावला नाही. जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली, शेत आखलं, मूठभर चिंचोके घेतले. आई मासेवाली, भाचा भातवाला. कॅलेंडरच्याच तिथ्या कापून चिठ्ठ्या केल्या. अमावास्या-पौर्णिमेला पाणी तीन घरं आत, अष्टमीला एकच. दर तिथीला दोघांनी मुठीत चिंचोका लपवायचा: असला तर दार उघडं, नसला तर बंद. दोघांचं जुळलं तर तसं होणार, नाही जुळलं तर दार तसंच राहणार आणि बांधाला एक चीर पडणार. चीर बुजवायला स्वतःकडचा एक चिंचोका द्यायचा. कुणीही दिला तरी चालेल. एवढेच नियम, आणि तेही जेवणानंतर पंधरा मिनिटांत सुचलेले.

आई असं खेळेल असं मला वाटलं नव्हतं. तिने पहिल्या चार तिथ्या निमूट मूठ रिकामी ठेवली, भाच्याला वाटलं आजी आपल्या बाजूची आहे, त्याने सगळं भात खालच्या घरांत लावलं. पौर्णिमेला त्यानेही तिच्यावर भिस्त ठेवून बेफिकीरपणे दार उघडायला हो म्हटलं, आतलं पावसाचं पाणी काढायला. आईच्या मुठीत चिंचोका होताच. उधाण तीन घरं आत. भात गेलं, सुंगटं आईची. भाचा उभा राहून ओरडला. आई म्हणाली, “पावणीचे पैसे कोण भरणार, तुझा मामा?” पुढच्या डावात त्याने बांधाच्या चिरा बुजवणंच बंद केलं, बघू म्हणाला कोण आधी घाबरतं ते. रात्री अकरापर्यंत चाललं. मी नुसता बघत होतो. पुढे पळवायचं बटण नव्हतंच, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ‘खाजन’ बंद केला. हा कागदी खेळ त्याच कोडमध्ये कोंबता आला असता, तासभर तो विचार केलाही. पण त्या कोडचा मोठा भाग म्हणजे पाणी, आणि नव्या खेळात पाणी तीन घरं किंवा एक घर एवढंच उरलं होतं. त्या तीन घरांसाठी सगळं पाणी वाहत ठेवणं म्हणजे जुन्या मेहनतीला मान देण्यापलीकडे काही नव्हतं. चार पातळ्या तरी फुकट टाक कुठेतरी, एवढं केलंस, असं बहिणीने सुचवलं. नाही टाकल्या. टाकल्या असत्या तर पहिल्या ढिगातली निम्मी कामं करावी लागली असती, आणि ती कुणासाठी, याचं उत्तर ‘झाला म्हणण्यासाठी’ एवढंच येत होतं.

बंद करायचा तर रीतसर करावा म्हणून एक संध्याकाळ दिली. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये शेवटची नोंद टाकली. एका पानावर लिहून ठेवलं: पाण्याचा कोड कुठे आहे, त्यात चौथ्या हिश्शाची गोम काय, तिथीवरून भरती काढायचं सूत्र कुठल्या फाइलमध्ये, खारटपणा अजून कुठे चुकतो. पाणी वेगळ्या फोल्डरमध्ये काढलं, पुढेमागे कुणाला लागलं तर. फोनवरून गेम उडवला. तो समोर दिसला की हात जातोच. ऑफिसात कुणी विचारलं तर “चालू आहे” म्हणायची सवय लागली होती, तिथे “बंद केला” म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं. समोरच्याने “अच्छा” म्हटलं आणि जेवणाचा डबा उघडला.

घुमटवाल्या मित्राला सांगणं मात्र टाळत होतो. त्याने दोन संध्याकाळी फुकट दिल्या होत्या, आणि आपलं वादन गेममध्ये येणार हे त्याने पथकात सगळ्यांना सांगितलं होतं. शेवटी घरी जाऊन सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बरं. त्या ध्वनिफिती तरी दे मला, आमच्या पथकाच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडे इतकं साफ मुद्रण नाही.” त्या रात्रीच पाठवल्या. आता ते ठेके निम्म्या गावाच्या फोनवर आहेत.

कागदी खेळ अजून चालू आहे. तोही उद्या सोडावा लागेल का, सांगता येत नाही. तूर्त दोघांऐवजी तिघांत कसा खेळायचा ते बसत नाहीये, आणि तीन चिरा पडून बांध फुटला तर भुर्दंड कुणी भरायचा यावर घरात रोज वाद आहे. भाचा म्हणतो दोघांनी. आई म्हणते शेत त्याचं, त्याने बघावं. काकांना विचारलं तर म्हणाले, पूर्वी गावकरी मिळून करायचे, आता अर्ज करतात. भाच्याने लगेच ‘अर्ज केला’ अशी एक चिठ्ठी तयार केली: ती खेळली की तीन तिथ्या तुमच्यावर कुणी भांडू शकत नाही, आणि बांध तसाच राहतो. ती ठेवायची की काढायची ते ठरत नाही. आई म्हणते काढ, नाहीतर सगळे तीच खेळतील.